रक्त निवळल्यानंतरचा बुधवार

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्या बुधवारी चिपा, म्हणजे चीज घातलेला पाव, भाजायचा, शुक्रवारच्या उपासाला घरादाराला पुरेल एवढा, हा नेम न्या पोर्फिरियानं नवरा गेला त्या वर्षीही मोडला नव्हता. यंदा मात्र तो मोडणार असं सगळ्यांनीच धरलं होतं. नात येरुती राजधानीत, आसुन्सिओनच्या दवाखान्यात, सून तिच्या उशाशी, मुलगा दोन्हीकडच्या फेऱ्यांनी अर्धा झालेला. पीठ मळायचं कुणी आणि खायचं कुणी? पण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की उपचाराचा पहिला टप्पा पार पडला, येरुतीच्या हाडातल्या मगजात आता रक्ताच्या कॅन्सरच्या पेशी दिसत नाहीत, ईस्टर घरी करा आणि सोमवारी परत या. निरोप कळला तशी म्हातारी उठली आणि तिनं चीज किसायला घेतलं. 'परत या' हे शब्द तिनं ऐकले नाहीत असं नाही, पण कानाआड केले.

बुधवारी सकाळी आंब्याखाली काठवट मांडली. मांदिओकाच्या कंदाचं पांढरंशुभ्र पीठ, चीज, डुकराची चरबी, बडीशेप, असा ढीग घालून न्या पोर्फिरिया कोपरापर्यंत हात बुडवून बसली. शेजारी तिची थोरली लेक निमिया अंडी फोडत होती. ती ब्युनोस आयर्सला म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायची, आणि वर्षातून एकदा घरी येऊन सगळ्यांना वर्षभराचं बोलून घ्यायची. धाकटा रुफिनो, येरुतीचा बाप, अंगणाच्या कडेच्या तातकुआत लाकडं सारत होता. ती मातीची घुमटी भट्टी त्याच्या बापानं बांधलेली. रुफिनो स्वतः कुंभार, त्यामुळे आग कशी लावायची यावर त्याला कुणी शिकवलेलं खपत नसे. येरुती ओसरीवर झुल्यात होती. डोक्याला रुमाल, तोंडाला मास्क, आणि गोळ्यांनी गाल असे फुगलेले की अकरा वर्षांची पोर एखाद्या खात्यापित्या पाद्र्यासारखी दिसत होती. ती स्वतःच तसं म्हणाली होती. तिची आई लिदुविना मात्र हसली नव्हती.

लिदुविनाचा भाऊ मिल्सियादेस बस चालवायचा. सुटी काढून आला होता तो मदत करायला, पण त्याची मदत म्हणजे तेरेरे ओतणं. बर्फाच्या पाण्यात कुटलेला पाला, शिंगाचा पेला, आणि सगळ्यांना मिळून एकच नळी. पेला निमियाकडून न्या पोर्फिरियाकडे, तिच्याकडून रुफिनोकडे फिरला. मग मिल्सियादेसनं तो पुन्हा भरला आणि ओसरीवर येरुतीपुढं नेला.

"घे गं म्हातारे. तुझी पाळी."

"दादा!" लिदुविना हातातला टॉवेल टाकून अशी धावली की थांबायला तिला झुल्याची दोरी धरावी लागली. "तिला नको!"

"का? मी काय केलं?"

"एक नळी सगळ्यांच्या तोंडात. तिच्या अंगात आत्ता जंतूंशी झगडायची ताकद नाही. तुला ज्यानं नुसती शिंक येईल, त्यानं ती मरेल."

मिल्सियादेसनं पेला छातीशी धरला. त्या अंगणात आजवर कुणाला पेला नाकारला गेला असेल, तर तो फक्त भांडण झालेल्या माणसाला. "माझ्या तोंडाला रोग आहे, असं म्हण की सरळ," तो म्हणाला. "ही जन्मली तेव्हा दवाखान्याच्या दारात उभा होतो मी."

"आणि पाला मी मुद्दाम तिच्यासाठी निवडलाय," काठवटीवरून न्या पोर्फिरियाचा आवाज आला. "धुऊन, निवडून. रक्त निवळतं त्यानं. माझी सगळी पोरं याच पाल्यावर वाढली."

"कच्चा पाला तर मुळीच नको, न्या पोर्फिरिया." लग्नाला बारा वर्षं झाली तरी सून सासूला आई म्हणत नव्हती, गावातले लोक मानानं म्हणतात तसं न्या पोर्फिरियाच म्हणायची. आधी संकोचानं, मग हट्टानं. "मी तिच्यासाठी उकळून गार केलेलं पाणी ठेवलंय. तिचा पेला वेगळा आहे."

"वेगळा पेला," म्हातारी पिठाला म्हणाली. "वाळीत टाकल्यासारखा."

"आई, तुझ्या पाल्यावर रुफिनो वाढला," निमिया म्हणाली, "म्हणूनच म्हणते, पोरीला देऊ नकोस."

येरुती मास्कच्या आत खुदकन हसली. त्या हसण्यानं सगळेच जरा सैलावले. मिल्सियादेसनं पेल्यातलं स्वतःच पिऊन टाकलं आणि भाचीला डोळा मारला. एवढ्यावर मिटलं असतं. पण रुफिनोनं हातातलं लाकूड खाली ठेवलं.

"आता हे सगळं कशाला पाहिजे?" तो म्हणाला. "मास्क, उकळलेलं पाणी, हे चालेल, हे नाही चालणार. रक्त स्वच्छ आहे. बाईंनीच सांगितलं. पोरगी बरी झाली."

"रुफिनो," लिदुविना म्हणाली, "बाई म्हणाल्या, पेशी दिसत नाहीत. गेल्या असं नाही म्हणाल्या."

"सोमवारी आम्ही जाणार नाही," रुफिनो म्हणाला.

लिदुविनाला पहिल्यांदा कळलंच नाही तो काय बोलला ते. मग तिनं येरुतीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाळा, आत जाऊन पड जरा."

"मी पडूनच आहे," येरुती म्हणाली. पण उठली. आईचा तो आवाज ओळखायला ती दवाखान्यात शिकली होती.

न्या पोर्फिरियानं मान वर केली नाही. आदल्या संध्याकाळी रुफिनो तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसला होता, आणि मांदिओका सोलता सोलता त्यानं हेच सांगितलं होतं. तिनं त्याला शब्द दिला होता, मी तुझ्या बाजूनं बोलेन. तिच्यापाशी कारणही होतं. येरुतीचे केस गळाले तेव्हा तिनं ती लांबसडक वेणी काकुपेच्या चर्चमधल्या देवीला नेऊन वाहिली होती, आणि देवीनं ऐकलं होतं. ऐकल्यावरही औषध चालूच ठेवायचं म्हणजे देवीच्या कामात खोट काढणं. शिवाय पोर घरी आली होती. तिच्या घरी, तिच्या झुल्यात. ती पुन्हा उचलून त्या पांढऱ्या खोलीत नेऊन ठेवायची, हे तिच्या मनाला सोसत नव्हतं, आणि खरं कारण हेच होतं.

"दोन वर्षांच्या वर चालायचंय हे," लिदुविना बोलायला लागली. "पहिला टप्पा झाला फक्त. आता दुसरा, मग जोराचा, मग नुसत्या गोळ्यांचा. मी सगळं विचारलंय बाईंना. पूर्ण उपचार घेतले तर अशा दहा मुलांतली आठ बरी होतात. कायमची, रुफिनो. मोठी होतात, लग्नं करतात."

"आणि दोन?" मिल्सियादेसनं विचारलं.

निमियानं त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"मी आपलं विचारलं," तो खाली बघून म्हणाला. मग बहिणीकडे न बघता त्यानं पुढं रेटलं. "लिदू, राग मानू नको. पण रुफिनोचंही खरं आहे. घरून नेली तेव्हा पोर चालत गेली होती, आणि परत मी बसमधून उचलून उतरवली. औषधानंच झालं ना ते? नदीवर न्यावी, चार दिवस खेळू द्यावं. आगीतून काढून फुफाट्यात कशाला टाकायची?"

"तूसुद्धा, दादा?"

सख्खा भाऊही पलीकडे गेलेला पाहून लिदुविना खांबाला टेकली. न्या पोर्फिरियाला खरं तर बरं वाटायला हवं होतं. जिंकतच होते ते. पण सुनेचे हात रिकामे होते, आणि चिपाच्या दिवशी या अंगणात बाईचे हात रिकामे असलेले तिला बघवत नसे.

"मी लिदूच्या बाजूची आहे," निमिया अंड्याचं टरफल फेकत म्हणाली. "विचारलं नाहीत तरी सांगते. आणि वेणी वाहिलीस त्या देवीचं म्हणशील, आई, तर त्या डॉक्टरीणबाईंच्या हाताला गुण कुणी दिला असेल? तुझ्या लाडक्या कुंभारानं?"

"तू गप. वर्षातून एकदा येतेस," रुफिनो म्हणाला.

"म्हणून तर मला स्पष्ट दिसतं. तुम्ही रोज बघून बघून आंधळे झालात."

"दहातली आठ!" रुफिनो उसळला. "आकडे मला नका सांगू. माझ्या भट्टीतून दहातली आठ मडकी धड निघाली तर मी त्या रात्री दारू पितो, गाणी म्हणतो. चांगली भाजणी झाली म्हणतो. पण फुटलेल्या दोन मडक्यांना आई नसते, लिदू. माझ्याकडे दहा पोरी नाहीत."

तातकुआत लाकूड तडतडलं. आणि न्या पोर्फिरिया, जिनं चाळीस वर्षं नवऱ्याची आणि मग मुलाची मडकी रस्त्याच्या कडेला मांडून विकली होती, ती पीठ मळता मळता, काहीही ठरवलेलं नसताना, बोलून गेली:

"आठ तरी निघतात. अर्धी भाजून बाहेर काढलीस तर दहाच्या दहा पाण्यात विरघळतात."

बोलल्यावर तिचं तिलाच कळलं, की शब्द कुणाच्या पदरात पडले ते. तिनं चटकन पिठात अजून थोडं दूध घातलं, जे घालायची काही गरज नव्हती.

"आई," रुफिनो म्हणाला. "काल संध्याकाळी तू काय म्हणाली होतीस?"

"म्हणाले असेन."

"तू म्हणालीस, सोमवारी नको. तू म्हणालीस, मी लिदूला समजावते."

लिदुविना खांबापासून सुटी झाली. "म्हणजे ठरवूनच बसला होतात तुम्ही? माझ्या पोरीचं, माझ्या पाठीमागं, मांदिओका सोलत?"

"तुझ्या एकटीची नाही ती," म्हातारी म्हणाली, पण नेहमीच्या कडकपणानं नाही.

"नाही. तुमचीही आहे. म्हणून तर मला वाटलं होतं—" लिदुविनानं पुन्हा सुरुवात केली. "मला वाटलं, वेगळ्या पेल्यावरून भांडाल, पाल्यावरून भांडाल, मी चीज जाड किसते त्यावरून भांडाल. भांडा. पण पोर जगावी यावर आपण दोघी एक आहोत असं मी धरून चालले होते, न्या पोर्फिरिया. एवढी एक गोष्ट मी धरून चालले होते."

लिदुविना रडत नव्हती. रडली असती तर म्हातारीला काय करायचं ते कळलं असतं. तिनं हात काठवटीतून काढले, पिठानं लडबडलेलेच, आणि सरकून जागा केली.

"बस इथं. माझं मनगट दुखतंय. तू मळ."

"मला—"

"बस गं. पीठ थांबत नाही. आणि रोग परत आला तर काय म्हणतात त्या बाई? खरं सांग. मला गोड करून नको."

लिदुविना बसली. पिठात हात घातले. "मधेच सोडलं तर तो बहुतेक परत येतोच," ती म्हणाली. "दिसत नसल्या तरी कुठंतरी दडलेल्या असतात पेशी. आणि परत आलेला पहिल्यापेक्षा हट्टी असतो. तेव्हा मग दहातली आठ नाही उरत."

"किती उरतात?"

"मी विचारलं नाही. माझी हिंमत झाली नाही."

निमियानं तिच्यापुढं अंडी सरकवली. मिल्सियादेसनं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, आणि म्हणाला, "मला हे कुणी सांगितलं नव्हतं."

रुफिनोनं हे सगळं ऐकलं. मग निखारे ओढायचा दांडा भट्टीला टेकवून तो घरामागं निघून गेला, जिथं त्याचं चाक होतं आणि ओल्या मातीचा ढीग होता. चिपाच्या दिवशी आगीला पाठ करून तो कधी गेला नव्हता. न्या पोर्फिरिया झग्याला हात जेमतेम पुसत त्याच्यामागं गेली. चिडूनच गेली. मुलगा दमला असेल, हट्टाला पेटला असेल, बायकोनं सांगितलेलं ऐकायचं नाही हा बापाचा गुण त्याच्यात आला असेल, असं सगळं तिच्या मनात तयार होतं, आणि ती त्याला चार शब्द सुनावणार होती.

तो चाकाजवळ उकिडवा बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत होता.

"तुम्ही आकडे मोजता," तो म्हणाला. आई आली हे त्याला पावलांवरून कळलं होतं. "मी धरतो."

"काय धरतोस?"

"तिला. पाठीच्या कण्यात औषध घालतात तेव्हा. आत एकालाच जाऊ देतात, आणि लिदू पहिल्या खेपेला चक्कर येऊन पडली. मग मीच. कातडी बधिर करतात, पण तिला भीती वाटतेच ना. कुशीवर निजवतात. पाय पोटाशी घेऊन तिचं मुटकुळं करायचं, आणि मी एका हातानं मान धरायची, एका हातानं गुडघे. हलली तर सुई चुकते." तो थांबला. "ती ओरडत नाही, आई. ओरडली असती तर बरं. ती हळूच म्हणते, बाबा, सोड ना. प्लीज म्हणते. तिनं मागितलं आणि मी दिलं नाही असं कधी झालंय का? तिनं मागितलं म्हणून मी मातीचा घोडा केला, तो रस्त्यावर मावेना एवढा. आणि आता ती म्हणते सोड, आणि मी सोडत नाही."

न्या पोर्फिरियानं तयार केलेले चारही शब्द कुठल्या कुठं गेले. आदल्या संध्याकाळी हा मुलगा तिच्यासमोर बसून मांदिओका सोलत होता, आणि तिनं त्याला एकदाही विचारलं नव्हतं, का रे? तिला हवं तेच तो म्हणत होता, मग विचारायचं कशाला. तिला स्वतःचा फार राग आला.

"रक्त निवळलं म्हणाल्या," रुफिनो म्हणाला, "तेव्हा मला पहिली गोष्ट सुचली ती हीच. सुटलो. आता धरायला नको. मग बाई म्हणाल्या, पुढच्या टप्प्यात पण सुया आहेत. मी त्यांचं पुढचं ऐकलंच नाही."

ती त्याच्याशेजारी मातीत बसली. गुडघे कुरकुरले. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला तर केसांना सगळं पीठ लागलं.

"मी धरते," ती म्हणाली. "सोमवारी मी येते. मी धरते तिला."

"तू? तुला कोंबडीचे पाय बांधवत नाहीत."

"मी धरतो." हा आवाज मिल्सियादेसचा. तो भिंतीच्या कोपऱ्याशी उभा होता, आणि ऐकत होता हे लपवायचाही प्रयत्न करत नव्हता. "मी बस धरतो रोज, त्या घाटात. पोर धरणं काय? तू बाहेर बस, मेव्हण्या. सिगारेट ओढ. मी जातो आत."

रुफिनो नाही म्हणाला नाही, हे न्या पोर्फिरियाला दिसलं. त्याच्या खांद्यावरचं काहीतरी उतरायच्या बेतात होतं, आणि तिला वाटलं, उतरू दे, बिचाऱ्याचं उतरू दे.

"मामा नको."

येरुती मागच्या दारात उभी होती. झोपायला पाठवलेली पोर झोपत नाही, हे त्या घरात सगळ्यांना माहीत असून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. रुमाल एका कानावर घसरला होता.

"मामाच्या हाताला डिझेलचा वास येतो," ती म्हणाली. "मला उलटी होईल. आणि आजी रडेल, मग मला तिला समजवत बसावं लागेल. बाबाच पाहिजे."

"बाळा," रुफिनो उठत म्हणाला, "तू कधीची—"

"पण तू नीट धरत नाहीस."

तो होता तिथंच थांबला.

"तू सैल धरतोस," येरुती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. चाकावर मडकं एका बाजूला कललंय, असं लहानपणी ती त्याला सांगायची, तशी सांगत होती. "मी सोड म्हटलं की तुझे हात ढिले होतात. मग मी हलते. मग त्यांना सुई परत टोचावी लागते. दोन्ही वेळा तसंच झालं. पलीकडच्या खाटेवरची ती मुलगी आहे ना, तिचे बाबा तिला असं धरतात की तिला हलताच येत नाही. तिचं एकदाच टोचून होतं."

न्या पोर्फिरियानं तोंडावर हात धरला. भिंतीशी लिदुविना येऊन उभी राहिली होती, पिठाचे हात अंगापासून लांब धरून, आणि तिच्यामागं निमिया. पुढं कुणी आलं नाही.

"मग तू सोड का म्हणतेस?" रुफिनोनं विचारलं.

"कारण दुखतं," येरुती म्हणाली. "दुखल्यावर म्हणणारच ना मी. तू ऐकायचं नाही."

ती पायरी उतरून त्याच्याकडे आली. मातीत पाय घालू नको म्हणून आई ओरडेल याची वाट पाहिली, आई ओरडली नाही. मग ती बापाच्या पुढ्यात, त्याच्या चाकाजवळच्या गोणपाटावर कुशीवर आडवी झाली, गुडघे हनुवटीपाशी घेतले, आणि त्याचा एक हात ओढून आपल्या मानेमागं ठेवला, दुसरा गुडघ्यांमागं.

"धर."

त्यानं धरलं.

"हे सैल आहे, बाबा."

त्यानं डोळे मिटले आणि धरलं.

येरुतीनं सुटायचा प्रयत्न करून पाहिला. खांदा हलवला, पाय झाडले, सगळं बळ लावलं, आणि ते बळ फार नव्हतं. तिला हलता आलं नाही.

"सोड," ती म्हणाली.

रुफिनोनं सोडलं नाही.